आमची उमेळ्याची वाडी

आमची उमेळ्याला वाडी आहे, असं मी ऑफिसात आठ महिने सांगत होते. केळी, नारळ, विहीर, विहिरीवर रहाट. प्रत्यक्षात विरार पूर्वेला, फुलपाड्यात, दुसऱ्या माळ्यावर आमचं वन रूम किचन होतं आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये तेलाच्या डब्यात लावलेली एक कोरफड. तीही आईची.

अंधेरीच्या त्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं होतं, "विरार? बापरे, रोज?" त्या 'बापरे'त इतकी दया होती की मला वाटलं, आता ही माझ्यासाठी वर्गणी काढते. मी पटकन म्हटलं, "विरार नाही गं, वसई साइड. उमेळ्याला आमची वाडी आहे." तिचा चेहराच बदलला. "वॉव, म्हणजे फार्महाउस?" मी हो म्हटलं नाही. नाही तर मुळीच म्हटलं नाही.

वाडी म्हटली की फळं आली. दर शनिवारी मी वसईजवळच्या पापडी गावच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाईकडून सुकेळी घ्यायची. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली, आणि माझ्या पगाराच्या मानाने भलतीच महाग. नाकापेक्षा मोती जड. सोमवारी पुडा ऑफिसात उघडायचा आणि सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, "घरचीच आहेत." एकदा आईने तो पुडा हुंगला. "एक ठेव की घरी," ती म्हणाली. मी खेकसले, "ऑफिसची आहेत ती." जणू सुकेळ्यांचीही नेमणूक अंधेरीला झाली होती. आई भाकरी थापायला लागली.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझा गोटा जुलैत पडला. चार दिवस पाऊस थांबला नव्हता, सगळ्यांच्या छत्र्या पॅसेजमध्ये निथळत होत्या, आणि मी पुडा उघडून भरात येऊन म्हणाले, "घ्या ना मॅडम, अगदी ताजी. आईने कालच वाळवलीत." मॅडम म्हणजे आमच्या बॉस, पार्ल्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोन सुकेळी उचलली.

"येत्या रविवारी आम्ही सगळे येतो तुमच्या वाडीत," त्या म्हणाल्या.

तीन रात्री मी झोपले नाही. ते ऑफिस मला सोडायचं नव्हतं, आणि तिथे पुन्हा 'बापरे' ऐकायचं नव्हतं. गुरुवारी सुट्टी टाकून मी पापडी गाठली आणि त्या म्हाताऱ्या बाईला विचारलं, "एका दिवसापुरती तुमची वाडी द्याल? आणि मला भाची म्हणाल?"

ती इतकी हसली की शेजारची भाजीवाली बघायला आली.

"कनची वाडी, बाय? ती कवाच बिल्डरला गेली. मी फुलपाड्याला ऱ्हाते, लेकाकडे, तिसऱ्या माळ्यावर. आनि भर पावसात सुकेळी कोन वाळवतं? ही मे महिन्यातली हायत."

म्हणजे ज्या बाईच्या जोरावर मी वाडीवाली झाले होते, ती माझ्याही एक माळा वर राहत होती. आणि आठ महिने सुकेळी मिरवून ती कधी वाळवतात हेही मला ठाऊक नव्हतं. लाजेने मी आणखी एक पुडा विकत घेतला.

शुक्रवारी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं. वाडी नाही, विहीर नाही, काहीच नाही.

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "माझं आजोळ पापडीचं. आमची सगळ्यांची पैज लागली होती, तू रविवार कसा टाळतेस त्यावर. मी म्हटलं होतं, विहिरीत साप निघेल."

"मग इतके दिवस खाल्लीत का?"

"चांगली होती."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा. संध्याकाळी घरी येऊन मी तो पुडा आईपुढे ठेवला. तिने पान सोडलं, एक सुकेळं मोडून अर्धं मला दिलं, अर्धं सावकाश चघळलं. ऑफिसातल्यांशी फोनवर मारलेल्या वाडीच्या गप्पा आईला ऐकू जाणार नाहीत अशी दुसरी खोली आमच्या घरात नव्हती, हे मी आठ महिने विसरले होते.

"गोड आहे," ती म्हणाली. "आपल्या उमेळ्याचं का?"

मी खाली मान घातली.

"आणि मी काय करते गं तिथे?"

"केळी वाळवतेस," मी म्हटलं.

"म्हणजे तिथेही मला कामालाच लावलंस," आई म्हणाली.