शिसवीवरचा वड

“अम्मा, ये धागा आपका है?”

सरकारी वकिलानं सालीचा तुकडा माझ्यापुढं धरला. भेगेत पांढरं सूत अडकलेलं, टोकाला निळ्या दोऱ्याची गाठ. मी म्हणाले, “नहीं साहब. हम लोग बरगद को बाँधते हैं. ये तो शीशम है. शीशम को कौन बाँधेगा?”

कोर्टात दोघं-तिघं हसले. मलाही थोडं हसू आलं — हो, आलं.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सूत त्याच्याच नावाचं होतं, तरी.

उत्तरेत, बख्शी का तालाब नावाच्या गावी आमचं घर. नवरा एअरफोर्समधून रिटायर झाला आणि आम्ही तिथंच राहिलो. तिथल्या बायका अमावास्येला वड, म्हणजे त्यांचा बरगद, पुजतात, आम्ही मराठी बायका पौर्णिमेला. जवळपास वड नव्हता. पण नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, काठी, सरकारी झाडांच्या रांगेत, एका जुन्या शिसवीच्या बेचक्यात वड उगवला होता. पक्ष्यानं टाकलेल्या बीचा. खाली शिसव, वर वड. आम्ही त्या शिसवीलाच फेऱ्या घालायचो. शेजारच्या बाया चिडवायच्या, “बहनजी, सावित्री को भी धोखा दे रही हो!” त्या वर्षी माझं सूत अपुरं पडलं. नवऱ्याच्या जुन्या वर्दीची बटणं लावायचा निळा दोरा घरात होता, तो जोडला. असली गाठ दुसरं कोण मारणार?

आणि मग ती शिसव कुणीतरी चोरून तोडून नेली. बुंधा तेवढा राहिला.

फॉरेस्ट गार्ड रामसजीवननं लाकडाची ट्रॉली अडवली. ट्रॅक्टर थांबला नाही, त्याच्या पायावरून गेला. पुढच्या नाक्यावर पोलिसांनी माल पकडला. ठेकेदार म्हणाला, लाकूड माझ्या शेतातलं, परमिट आहे. आता लाकूड कुठलं हे कसं सांगायचं? फांद्या छाटलेल्या, वड कधीच फेकून दिलेला, बुंध्यावर कुणीतरी जेसीबी फिरवलेला. राहिलं होतं ते ओंडक्याच्या सालीत अडकलेलं सूत. रामसजीवन दवाखान्यातून सुटल्यावर कुबडी घेऊन माझ्या दारात आला. “अम्मा, पहचानिए तो.” मी पाहिलं आणि लगेच म्हणाले, मेरा ही है. साक्षीला येते, असंही म्हणाले. तो चहा न घेताच गेला — इतका खूश होता.

मग मुलगा आला. शहरात, वृंदावन योजना नावाच्या सरकारी वसाहतीत त्यानं घर बांधलं होतं. दारांच्या चौकटी शिसवीच्या, त्याच ठेकेदाराकडच्या. पावती नाही. बँकेतली नोकरी. मी मराठीत विचारलं, तुला माहीत होतं का रे? तो हिंदीत म्हणाला, “आई, बस इतना बोल देना कि पक्का नहीं है. झूठ थोड़े ही है.”

मी चौथी शिकलेली. पण एवढं मला कळत होतं, की शंका एकच पुरते. गुन्हा पुरा सिद्ध व्हावा लागतो. शंका चिमूटभर असली तरी चालते. ती चिमूट माझ्या हातात होती. मुलानं सांगितलं तेवढंच बोलले असते तर निदान अर्धं खोटं झालं असतं. मी त्याच्या पुढं गेले. वडाची गोष्ट माझी मीच काढली — कारण ती खरी होती, आणि खऱ्या गोष्टीची कुणी उलटतपासणी करत नाही. आधी हो का म्हणालात, असं वकिलानं विचारलं. म्हणाले, तब चश्मा नहीं था.

बेचक्यातला वड कोर्टात कुणालाच माहीत नव्हता. एकाला सोडून. तो मागच्या बाकावर कुबडी धरून बसला होता.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. आवाज चढवला नाही. “अम्मा, उस पर बरगद था न?”

मी म्हणाले, “टेम्पो छूट जाएगा भैया.”

ठेकेदार संशयाचा फायदा मिळून सुटला. खोटी केस केली म्हणून रामसजीवनची चौकशी लागली, आणि नोकरी गेली. पाय तर आधीच गेला होता. आता तो नहरेच्या पुलावर भुईमूग भाजून विकतो. मला बघितलं की “राम-राम अम्मा” म्हणतो. टोमणा नाही त्यात. असता तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

नवरा पुढं वारला. सूत नाकारलं म्हणून नाही, विडीनं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

मुलाकडं गेले की त्या दारातून आत जावं लागतं. चौकट चांगली आहे. वाळवी लागलेली नाही.

त्या दिवशी मला कुणी धमकावलं नव्हतं. चष्मा दोन्ही वेळा डोळ्यावर होता. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होते ती मी.