आई, रत्नाचं गाव आणि शुक्रवारची कवायत

जावाला जायचं ठरवलं रत्नाने. तेही टोरांटोजवळच्या मार्कहॅममधल्या आमच्या किचनमध्ये, चहात बिस्किट बुडवता बुडवता.

रत्ना माझ्या ऑफिसातली. पहिल्या दिवशी तिच्या क्युबिकलवरचं नाव वाचून मी खुशाल हिंदीत सुरू झाले, "आप कहाँ से हैं?" ती हसून इंग्लिशमध्ये म्हणाली, "सॉरी, मी जावाची." आम्ही सॉफ्टवेअरवाले! मी म्हटलं, "अगं मीपण जावाचीच, सात वर्षं तेच कोडिंग करतेय." तिला हसू आवरेना. मग कळलं, ही इंडोनेशियातल्या जावा बेटाची, मध्य जावातल्या डोंगरावरच्या सुंबररेजो नावाच्या गावातली. तेव्हापासून आम्ही पक्क्या मैत्रिणी.

तर त्या दिवशी, २००८ च्या एप्रिलमध्ये, रत्ना चहाला आली होती आणि माझी आई खिडकीपाशी बसली होती. आईबद्दल थोडं सांगायला हवं. तिने वर्ध्याला मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली. तिचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. बाबा गेल्यावर मी तिला कॅनडाला घेऊन आले. फेब्रुवारीत ती आमच्या ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरली आणि मनगट मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं, पण मी धसका घेतला. एकटीने बाहेर जायचं नाही, बेसमेंटचे जिने उतरायचे नाहीत, साइडवॉकवर माझा हात सोडायचा नाही, असे सगळे नियम केले. आईने ते मुकाट पाळले. मला खरी काळजी त्याचीच वाटायला हवी होती. माझी आई वाद घालेनाशी झाली होती.

रत्नाने खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "जुलैत मी घरी जातेय. तू, इरा, आणि ही. तिघी चला. माझ्या आईला तिच्या वयाचं कोणीतरी हवंच आहे."

माझा नवरा मिलिंद म्हणाला, "जा तुम्ही, मी लॉन सांभाळतो." माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने, इराने विचारलं, "इज देअर इंटरनेट?" नव्हतं. तरी निघालो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: टोरांटो ते हाँगकाँग पंधरा तास, तिथून जकार्ता पाच. जकार्ताला उतरल्यावर विमानतळावरच व्हिसा मिळाला, पंचवीस अमेरिकन डॉलर, रोख. तिथून योग्यकर्ता तासाभराचं विमान. सगळे त्या शहराला लाडाने 'जोग्जा' म्हणतात. पैसे बदलून घेतल्यावर आपण एकदम लक्षाधीश होतो, कारण आपल्या एका डॉलरचे नऊ हजार रुपिया. पहिल्याच चहाचे दोन हजार मागितल्यावर आईने कप खाली ठेवला होता.

जोग्जाहून गाडी केली. सुंबिंग आणि सिंदोरो असे दोन ज्वालामुखी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत आणि त्यांच्या मधल्या खिंडीतून रस्ता वोनोसोबो गावाकडे जातो. चार तास लागतात, वळणं भरपूर. आल्याच्या वड्या जवळ ठेवा. खाली भातखाचरं, वर तंबाखू, त्याच्याही वर चहाचे मळे. इरा कानातले इअरफोन काढून खिडकीला नाक लावून बसली. खिंडीत आम्ही जेवायला थांबलो. शाकाहारी मंडळींनी तीन वाक्यं पाठच करून जावीत: मांस नको, मासे नको, 'तरासी' नको. तरासी म्हणजे सुक्या कोळंबीची पेस्ट, ती चटणीत गुपचूप बसलेली असते. मात्र 'पचेल' निर्धास्त मागवा, पण चटणी तरासीशिवाय करायला सांगून. उकडलेल्या भाज्यांवर दाण्याच्या कुटाची तिखट-गोड चटणी. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "ही तर आपली दाण्याची चटणी, फक्त आंघोळ करून आलेली."

तिचं इतकं लांब वाक्य मी बऱ्याच महिन्यांनी ऐकत होते.

सुंबररेजो वोनोसोबोच्याही वर, दिएंगच्या पठाराच्या वाटेवर आहे. शे-सव्वाशे घरं, उतारावर एकावर एक रचल्यासारखी. एक मशीद, एक प्राथमिक शाळा, दोन दुकानं. प्रत्येक घराच्या ओसरीत बटाट्याची पोती. कोबीच्या वाफ्यांच्या रांगा थेट ढगापर्यंत गेलेल्या. रत्नाची आई दारातच उभी होती. बहात्तर वर्षांची, डोक्यावर सैलसा स्कार्फ, पायांत रबरी बूट. तिला सगळे 'इबू' म्हणतात, म्हणजे आई. तिने माझ्या आईचे दोन्ही हात हातात घेतले, जोडलेलं मनगट अंगठ्याने चाचपलं आणि जावानीजमध्ये काहीतरी विचारलं.

रत्ना म्हणाली, "ती विचारतेय, कशाने मोडलं?"

"बर्फावर पडले," आई म्हणाली.

इबूने उत्तर ऐकून मान डोलावली आणि स्वतःच्या पायाची नडगी उघडून एक जुना लांब व्रण दाखवला. आईने लगेच साडी किंचित उचलून गुडघ्यावरची खोखोची खूण दाखवली. ओळख झाली!

घर साधं, टापटीप, फरशी बर्फासारखी गार. जुलैत इथे कोरडा हिवाळा असतो. पहाटे पठारावर चक्क दव गोठतं आणि बटाट्याची पानं करपतात, म्हणून शेतकरी त्याला 'विषारी दव' म्हणतात. विषुववृत्ताजवळ जातोय म्हणून आम्ही कॉटनचे कपडे नेलेले! जाणाऱ्यांनी जाड जॅकेट न्याच. वॉशरूममध्ये शॉवर नाही, सिमेंटचा हौद आणि प्लास्टिकचा डबा. इरा आतून ओरडली, "मॉम, देअर इज नो शॉवर! द वॉटर इज फ्रीझिंग!" आई मात्र धपाधप पाणी ओतून घेऊन लालबुंद होऊन बाहेर आली. "वर्षभरात पहिली खरी आंघोळ झाली," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिएंगच्या पठारावर गेलो. मिनीबसला माणशी पाचेक हजार रुपिया, म्हणजे आपले पन्नास-साठ सेंट. धुक्यात काळ्या दगडाची छोटी छोटी देवळं, हजारेक वर्षांपूर्वीची. त्यांची नावं अर्जुन, श्रीकांदी, पुंतादेवा, सेंबाद्रा. श्रीकांदी म्हणजे शिखंडी, पुंतादेवा म्हणजे धर्मराज आणि सेंबाद्रा म्हणजे सुभद्रा. रत्नाने सांगितलं की ही नावं लोकांनी मागाहून दिली. तिच्या गावात सगळे मुसलमान, पण भीम-अर्जुनाच्या गोष्टी पोराटोरांना पाठ. गंधकाच्या वासाचं, चिखल उकळणारं एक विवरही पाहिलं. इराने त्याला "गॉडचं वरण" असं नाव दिलं. येताना इथली चिमुकली डोंगरी पपई पाकात घातलेली मिळते, तिच्या बरण्या घ्या. एवढ्या चढउतारात मी आईचा दंड घट्ट धरून होते. बरोबर आलेली इबू मागून आमच्याकडे बघत होती. घरी आल्यावर ती रत्नाशी काहीतरी बोलली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

रत्ना जरा अवघडली. "म्हणतेय, तुझी मैत्रीण तिच्या आईला अंड्याच्या टोपलीसारखं नेते."

मी हसले, पण मला ते लागलं.

मग शुक्रवार उजाडला. सातला जाग आली तर आईचं अंथरूण रिकामं. इबू शेतावर गेलेली, रत्ना बाजारात. बाहेर पांढरंफटक धुकं आणि दवाने निसरड्या झालेल्या दगडी पायऱ्या. तीन फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. इराला घरी थांबवलं आणि मी तशीच, घरातल्या चपलांवर धावत सुटले. मला येत होते दोनच शब्द. "इबू साया? इबू साया?" माझी आई, माझी आई. कोबी तोडणाऱ्या बायकांनी हसून वर बोट दाखवलं. दुकानदाराने खाली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कुदळ खाली टाकली, दोन्ही हात वर केले, मग बाजूला झोकले आणि कमरेत वाकला. मला वाटलं, तो दाखवतोय की बाई घसरून पडली. तो खालच्या अंगाला हात करत होता, तिकडे मी रडत रडत उतरू लागले. एका वळणावर मीच सपशेल आपटले, कोपर सोलवटलं.

उठत होते तेवढ्यात धुक्यातून आवाज आला.

"एक! दोन! तीन! चार!"

आणि पाठोपाठ पन्नास-साठ पोरांचा, जावानीज हेल काढलेला कल्लोळ: "एऽक! दोऽन! तीऽन! चाऽऽर!"

शाळेचं पटांगण. लाल-पांढऱ्या गणवेशातली मुलं रांगांत उभी, कडेला चार शिक्षक, आणि समोर चौथऱ्यावर स्वेटरवर पदर खोचलेली माझी आई. हात वर, हात बाजूला, कमरेतून खाली. "पाच! सहा! सात! आठ! ए पिवळ्या टोपीवाल्या, गुडघा वाकवू नको!" पिवळ्या टोपीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्याने गुडघा ताठ केला.

तिथल्या शाळांत शुक्रवारी सकाळी सगळे मिळून कवायत करतात, कॅसेटच्या संगीतावर. आई फिरत फिरत येऊन फाटकाशी बघत उभी होती. मध्येच वीज गेली, संगीत बंद पडलं, मुलं हात वर करून तशीच थांबली. एवढं आईला पुरेसं होतं.

मला बघून तिने कवायत थांबवली नाही. 'विश्राम' झाल्यावरच खाली आली. मुलांनी ओळीने येऊन तिचा हात स्वतःच्या कपाळाला लावला, ही तिथली नमस्काराची रीत. मुख्याध्यापक बाई मला काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या. मी काही ऐकत नव्हते.

वाटेत माझा स्फोट झाला. "सांगून जायचं नाही का? मी मेले होते काळजीने!"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतंस?"

मी मुद्दा बदलला.

"पडली असतीस म्हणजे?"

"पडले असते तर उठले असते. तीस वर्षं पोरींना पडून उठायला शिकवलं ना मी?" ती थांबली. आवाज खाली आला. "अनू, मनगट मोडलं तेव्हा मला एवढं दुखलं नाही. त्यानंतर तू मला जी बसवून ठेवलीस ना, त्याने मी म्हातारी झाले. तू प्रेमाने करतेस, मला माहीत आहे. म्हणून बोलताही येईना."

धुक्यात आम्ही दोघी पायरीवर बसलो. मी 'सॉरी' म्हटलं. तिने पदराने माझं कोपर पुसलं आणि म्हणाली, "आणि पडलं कोण? तूच ना?" मग आम्हाला जे हसू फुटलं ते थांबेचना.

पुढचे पाच दिवस आई रोज सकाळी इबूबरोबर शेतावर जायची. मी हात धरायला गेले नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास दारात उभी राहून त्या दोन पाठमोऱ्या आकृत्या चढताना बघितल्या, मग आत येऊन चहा केला. दोघी दुपारी मातीने माखून यायच्या, एक मराठीत आणि एक जावानीजमध्ये सलग बोलत, आणि दोघींचं ऐकणंही सलग चाललेलं. चहात साखर घालताना इबू 'गुला' म्हणाली तर आईने तिला 'गूळ' शिकवला. 'काचा' म्हणजे काच हे कळल्यावर आईने घरभर फिरून अजून शब्द शोधले. एके दिवशी तिने बटाट्याची भाजी केली, मोहरी-हिंग मार्कहॅमहून नेलेलं. इबूने तीनदा घेतली.

निघताना इबू रडली नाही. तिने आईला आपले रबरी बूट दिले. आईने तिला स्वतःची शाल दिली. गाडी वळणावर गेली तरी आई खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती.

खर्चाचं विचाराल तर विमानाची तिकिटं सोडून तिघींचे अकरा दिवस हजार डॉलरच्या आत झाले, तेही राहणं रत्नाकडे म्हणून. बोरोबुदूर बघायला अर्धा दिवस ठेवा, सकाळी लवकर जा. आम्ही गडबडीत पाहिलं, त्याची हळहळ आहे.

मार्कहॅमला परतल्यावर पहिल्याच रविवारी आईने जेवताना जाहीर केलं, "एप्रिल ते ऑक्टोबर मी इथे. हिवाळ्यात वर्ध्याला, माझ्या घरी. एकटी."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. इरा म्हणाली, "दॅट्स सो नॉट फेअर, आजी." माझ्या घशाशी दहा कारणं आली होती: ब्लडप्रेशर, रात्री-अपरात्री कोण, शेजारी कोण. मी त्यातलं एकच विचारलं, "तिकीट कधीचं काढू?"

ऑक्टोबरच्या शेवटी ती गेली. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र ती दिसेनाशी झाल्यावरही उभी होते. पहिल्या बर्फाच्या दिवशी ड्राइव्हवे शोव्हल करून आत आले आणि तिला फोन लावला. वर्ध्यात संध्याकाळचे साडेपाच. तीन रिंगनंतर तिने उचलला, धापा टाकत. मागे बायकांचा गलका.

"आई, बरी आहेस ना? काय करून राहिलीस?"

"अगं कॉलनीतल्या बायका जमल्यात मैदानात. पंधरा जणी! एकीचाही हात सरळ वर जात नाही. तू नंतर कर फोन."

आणि तिने ठेवून दिला.