अप्पांच्या कमरेचं कव्हर

देगलूरच्या आमच्या गल्लीत अप्पा दूध आणायला निघाले तरी कमरेला पिस्तुलाचं कव्हर लावून निघत. जाणकार त्याला होल्स्टर म्हणतात, गल्लीत सगळे कव्हरच म्हणत. जुनं, तपकिरी, जाड चामड्याचं, वर झाकण आणि झाकणाला पितळी बटण. ते बटण उघडलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. अप्पांची सगळी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून गेली. बैलांच्या जखमा धुण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कमरेला हे कशाला लागतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. गल्ली त्यांना पिस्तूलअप्पा म्हणायची, तेही ते पुढे निघून गेल्यावर.

मी त्यांची भाडेकरू. बदली होऊन जवळच्याच खेड्यातल्या शाळेवर आले होते. नवरा उदगीरला नोकरीला, शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. माझा स्वभाव संशयी आहे, हे माझ्या सासूबाईंपासून सिलिंडर आणणाऱ्यापर्यंत कुणीही सांगेल; पण अप्पांपुढे मी किस झाड की पत्ती. खोली देताना त्यांनी मला माझं माहेर तीनदा विचारलं, दर वेळी वेगळ्या वळणाने, आणि तिन्ही उत्तरं जुळतात का ते पाहिलं. माझा फोन वाजला की त्यांना नेमकं माझ्या खिडकीखालचं अंगण झाडायचं असायचं. शेजारणीने सांगितलं, अप्पांना वाटतं तुम्हाला त्यांच्या पुतण्याने पाठवलंय. मला वाटत होतं, म्हाताऱ्याकडे बिनपरवान्याचं पिस्तूल आहे आणि एक दिवस पोलीस येऊन दोघांनाही धरून नेतील. असे आम्ही एका छपराखाली एकमेकांवर पाळत ठेवून सुखाने राहत होतो.

कव्हरं एकूण नऊ होती. एक निजामाच्या काळातल्या कुठल्याशा जमादाराचं, दोन हैदराबादच्या जुन्या बाजारातली, बाकीची कुणाच्या आजोबांच्या पेटीतून निघालेली. आतल्या खोलीत नऊ खुंट्यांवर ती टांगलेली असत. बाजाराच्या दिवशी मोठं झाकणाचं, लग्नाला अरुंद काळं, असं त्यांचं ठरलेलं होतं. महिन्यातून एकदा सगळी खाली उतरायची. मग अप्पा एरंडेलात मेण वितळवून ते बोटाने चामड्याला चोळत, बटणाभोवतीचा हिरवा थर कोरड्या चिंधीने काढत आणि कव्हरं सावलीत पसरत. उन्हात चामडं तडकतं म्हणत. आपली म्हैस धुवावी इतक्या मायेने चाललेलं हे काम मी पडद्याआडून बघायची आणि त्यांना ते माहीत असायचं.

एकदा नांदेडहून एक माणूस एक कव्हर विकायला आला. जुन्या सरकारच्या काळातलं आहे, म्हणाला. अप्पांनी ते आधी नाकाला लावलं. मग टाके बघितले, बटण नखाने खरवडलं आणि त्याला सांगितलं की हे चहाच्या पाण्यात भिजवून काळं केलंय. माणूस हुज्जत घालायला लागला, तेव्हा अप्पांनी ते माझ्या हातात दिलं.

"बाहेरून कोणी बी म्हातारं करून देतंय, बाई. आत हात घाला."

आत चामडं कोरं होतं. ज्यात वर्षानुवर्षं हत्यार राहिलंय त्याला आतून नळीची घासण असते, तेलाचा वास असतो. इथे काहीच नव्हतं. माणूस कव्हर गुंडाळून चालता झाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा अप्पा आवडले. इतका नीट संशय घेणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

माझ्या हातचा चहा मात्र त्यांनी जवळजवळ दीड वर्ष घेतला नाही. "आत्ताच झाला" हे उत्तर तयार असायचं. मग ते तापाने आठ दिवस पडले. मी डॉक्टरला घेऊन आले, पेज करून दिली, आणि बरे झाल्यावर एका सकाळी ते आपणहून माझ्या उंबऱ्याशी येऊन बसले आणि चहा मागितला. कप रिकामा होईपर्यंत सगळं सांगून टाकलं. घरामागची मोकळी जागा त्यांच्या वाट्याची. पण वाटणी तोंडी झालेली, कागद कुठेच नाही. पुतण्या माधवला तिथे खताचं गोदाम करायचं होतं. अप्पांना तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या, मुलीसाठी. सुनंदा सासर सोडून आलेली. लातूरला एका खोलीत भाड्याने राहून ब्लाउज शिवत होती.

"कमरेला हे हाय म्हणून त्यो मागच्या बाजूला पाय टाकत नाही," अप्पा म्हणाले. "खोल्या उभ्या राहिल्या की काढून ठीवतो."

आत काय आहे, असं मी विचारलं. आत हाय ते हाय, एवढंच म्हणून ते उठले. पण त्या दिवसापासून माझा फोन वाजला की अंगण झाडलं जाईना.

पुढे निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. अप्पा मोठं कव्हर लावून गल्लीच्या मधून ठाण्याकडे निघाले, आणि संध्याकाळी मोकळ्या कमरेने परत आले. जमा करून आलो, असं त्यांनी चौघांना ऐकवलं. नेमकं त्याच दिवशी मी मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला ठाण्यात गेले होते. माझ्या स्वभावाप्रमाणे मी हवालदाराला विचारलंच. तो हसला. या नावाचा परवानाच नाही, म्हणाला, आणि जमाही काही झालेलं नाही. परत येताना ढोरांच्या दवाखान्याच्या ओसरीवर अप्पा दिसले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारा चामड्याचा पट्टा, आणि ते निवांत शेंगा खात वेळ काढत होते. मला सगळं कळलं. पिस्तूल नव्हतंच. मला इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यातच हसले.

निवडणूक संपली आणि अप्पांच्या कमरेला कव्हर परत आलं. इथवर ठीक होतं. पण आपण किती हुशार, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहीना. अप्पा घरी नसताना माधव अधूनमधून माझ्याकडे यायचा. गोड माणूस, मॅडम मॅडम करायचा, शेतातल्या शेंगा आणून द्यायचा. चहा घेता घेता त्याने विचारलं, एकट्या राहता, काकांकडे पिस्तूल आहे म्हणतात, भीती नाही वाटत का? मी हसून म्हणाले, "कसली भीती? अप्पांकडे काहीसुद्धा नाही." मी जगावर संशय घेणारी बाई, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता त्याच्या बशीत मी बिस्किटं वाढत होते.

आठ दिवसांत मागच्या जागेत दगड येऊन पडले. अप्पा कव्हर लावून मागच्या दाराने गेले आणि दगडांपुढे उभे राहिले. एरवी त्यांच्या सावलीलाही उभा न राहणारा माधव सरळ चालत आला. त्याने झाकणाचं बटण काढलं आणि आत हात घातला. आतून लोखंडी बत्ता निघाला, खलातला. पट्टा नीट लोंबावा म्हणून वजनाला ठेवलेला. गवंडी हसले, गल्ली हसली. अप्पांनी बत्ता परत मागितला, पुसला आणि घरात नेऊन ठेवला. कोर्टात जा, मी साक्ष देते, असं मी म्हणाले. कागद नसताना साक्ष कशाची द्यायची, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

भिंत छातीएवढी झाल्यावर अप्पा सुनंदाकडे लातूरला जायला निघाले, तिच्या त्या एका खोलीत. कव्हरं गोणीत भरलेली. रिक्षा यायच्या आधी मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं की माधवला मीच बोलले. मला रडू आवरत नव्हतं.

"मालूम हाय," अप्पा म्हणाले. "बटणाकडं त्याचा हात थेट गेला. जरा बी कापला नाही. घरातल्या माणसानं सांगितल्याबिगर हात असा जात नसतो."

मग तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत, मी विचारलं.

"काय बोलू? दीड वर्स नजर ठीवली तुमच्यावर. हे शेवटचे चार महिनेच सोडली होती."

रागाने बोलले असते तर मला सोसलं असतं. गुराच्या औषधाची मात्रा सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. रिक्षात बसले, गोणी मांडीवर घेतली आणि पुन्हा बाहेर डोकावले. मागच्या भिंतीवरून आता कोणी बी उतरंल, म्हणाले, एकट्या असता, आतून कडी लावून घेत जा.