गेनबाने उपसलेली लोकर

हिंजवडीत गेनबाच्या रानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर त्याने स्वतःचं घर चढवलं. वरचे मजले कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने. खाली घरची माणसं. वर खुर्ची सरकली की खाली छत दात खाल्ल्यासारखं करकरतं. दारातल्या रस्त्यावर बसांचे भोंगे दिवसभर एकमेकांच्या उरावर बसलेले.

यंदा गेनबाच्या बायकोला, शालूबाईला, अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं. आवाज इतका बारीक झाला की उशाशी बसलेल्यालाच कळावा. झोप मोडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. मग मुलाने, इंद्रजीतने, तिची खोली आवाजबंद करायला काढली आणि काम संपेपर्यंत तिची खाट पुढच्या खोलीत आणली.

वाशीमकडचा महिपती कामावर होता. वरचा धक्का खाली उतरू नये म्हणून त्याने नवं छत रबरी आधारांना टांगलं. शालूबाईची आणि गेनबाची खोली वेगळी करायला पत्र्याची चौकट उभारली, एका अंगाने बोर्ड ठोकले आणि पोकळीत काचेची पिवळी लोकर भरली. दुसऱ्या अंगाचे बोर्ड जेवणानंतर लागणार होते.

गेनबाला बूड टेकवेना. रस्त्यापर्यंत जाई, माघारी येई, भिंतीला कान लावी.

"तिकडचा आवाज हिकडं येईल का रं?"

"नाही येत, काकाजी. त्याच्याचसाठी तर भरली."

शालूबाईने जन्मात नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. पूर्वी बांगड्या वाजवायची. आता डाव्या हाताने फुलपात्र खाटेच्या लोखंडावर टिचकवते. मागे एकदा पाणी पिताना तिचा श्वास अडकला, तेव्हा त्या टिचकीवरच गेनबा शेजारून धावला होता. ती टिचकी भिंतीतच विझली तर?

"अण्णा, बेलचं बटण देतो तिला. सिंपल आहे," इंद्रजीत म्हणाला होता.

"आन बटन हातातनं पडलं तर?"

"मग दुसऱ्या हाताशी अजून एक."

"तिला हात एकच ऱ्हायलाय, लेका."

महिपती डबा खायला बाहेर गेला तसा गेनबा भिंतीशी उकिडवा बसला. खाटेच्या उंचीपर्यंतची लोकर त्याने मुठी भरभरून उपसली, वाकळेच्या खोळीत कोंबली आणि खोळ शालूबाईच्या खाटेखाली सारली. मग साळसूदपणे तिच्या उशाशी जेवायला बसला.

दुसऱ्या घासाला मान खाजली. मग कोपर. मग पोट.

"काय झालं?" शालूबाईचे ओठ हलले.

"उकडतंय."

"पंखा हाय की वर."

महिपती हात धुऊन आला आणि गेनबाचे लालबुंद हात पाहून थबकला. "काकाजी, भिंतीत हात घातला वाटते तुम्ही! काच असते ना बाप्पा ते. हातमोज्याबिगर आम्हीपण शिवत नाही."

इंद्रजीतने पोकळीत वाकून पाहिलं. "वा, अण्णा! आता मधे खिडकीच पाडू. येता-जाता गप्पा मारा."

"पाड!" गेनबा ताटावरून उठला. "ही हिकडं घुसमटंल, आन मी पलीकडं मढ्यागत पडून ऱ्हाईन. झोप झोप करताय. जीव ऱ्हायला तर झोप!"

शालूबाईने हात हलवला. सगळे तिच्या तोंडाशी वाकले.

"लोकर भरा," ती म्हणाली. "भोंग्यांनी डोकं फुटतंय माझं."

गेनबा खाली मान घालून कोपर खाजवत राहिला. शालूबाईने दम घेतला.

"आन ह्यांची खाट आत घ्या. माझ्यापाशी."

"आई, अण्णा रात्रीतून दहादा उठतात. तुझी झोप..."

"उठू दे. ह्यांच्या उठण्यानं मला जाग येत न्हाई. न्हाई उठले की येती."

महिपतीने हातमोजे चढवून खाटेखालच्या खोळीतली लोकर परत भरली आणि बोर्ड लावून सांधे लिंपले. बसांचा कल्लोळ लांबच्या ओढ्याएवढा उरला. गेनबाला मात्र त्या शांततेत उभं राहवेना. त्याने खोलीचे कोपरे वितीने मोजले आणि तडक पुढच्या खोलीत शालूबाईकडे गेला.

"दोन खाटांत जागा किती ठिवायची?"

"हात पुरंल एवढी."

तो आत आला. हात लांबवून फरशीवर खडूची रेघ ओढली. रेघेकडे पाहत राहिला, मग ती पायाने पुसून टाकली. हात तिचा पुरायला हवा होता. खडू मुठीत धरून तो पुन्हा पुढच्या खोलीकडे निघाला.