वंशावळीतली पहिली ओळ

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या घराण्याचा शोध घ्यायला मी नांदेडात एक जाणकार लावला. तिथल्या कापड मिलची निजामाच्या काळातली उर्दू दप्तरं वाचून लोकांचे पूर्वज हुडकून देणं हाच त्यांचा धंदा. नाव मी विचारलंच नाही. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. दप्तर उघडण्याआधी ते चपला काढायचे, मग खराट्याच्या काडीनं ओळ धरून उजवीकडून वाचत जायचे.

आमच्या घरी मिलच्या गोष्टी असायच्या त्या फक्त आजोबांच्या. मुन्शीजींनी हातात ठेवलेल्या वंशावळीत मात्र सगळ्यात वर आजी होती.

"मिलच्या हजेरीत तुमच्या घरच्यातल्या त्या पयल्या हायत," ते म्हणाले. "गाव जळकोट, साल दुष्काळाचं. आजोबा तुमचे मागनं कामाला लागले, आजीच्याच शिफारशीनं."

"पण वंशावळीत बाया लिहीत नाहीत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मिलच्या सायबानं लिवलं, अन् नातवाच्या जिवावर येऊन राहिलं व्हय?"

ती वंशावळ आता आमच्या बैठकीत लावली आहे. कुणी आमचा मूळ पुरुष विचारला, की मी पहिल्या ओळीवर बोट ठेवतो आणि आजीचं नाव मोठ्यानं वाचतो.