एझ्राची बायको, माहेरची टॅनर

इंदूकाकू एका कबरीसमोर उभ्या राहून रागवायच्या. अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आमच्या कॉलनीमागे, पूर्वी जिथे शेतं होती तिथे, एक लहानसं जुनं कब्रस्तान आहे. सकाळच्या फेरीत त्या एका दगडापाशी थांबत. ‘मेल्यांनो, नाव कोरायला हात मोडले होते का?’ दगडावर एवढंच होतं : ‘एझ्रा व्हीलॉकची पत्नी’. शेजारी एझ्राचा खांब. त्यावर त्याच्या बापाचंसुद्धा नाव.

काकू सत्तरीच्या, पुण्याहून मुलाकडे आलेल्या. मी त्यांची शेजारीण, मूळची नागपूरची. ‘काकू, पावणेदोनशे वर्षं झाली. सोडा ना आता,’ मी एकदा म्हटलं.

‘माझं नाव शकुंतला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं इंदुमती लिहिलं, मला न विचारता. पण मला दोन नावं तरी मिळाली गं. हिला एकही नाही.’

काकू कब्रस्तानाच्या समितीपुढे गेल्या. अध्यक्ष म्हणाले, जुन्या दगडाला हात लावता येणार नाही. शेजारी नवा बसवायचा तर घराण्यातल्या कुणाची तरी संमती हवी. ‘पण मॅडम, तुम्ही तिच्या कोण?’

‘नेबर,’ काकू म्हणाल्या आणि उठल्या.

मग वर्षभर मी ड्राइव्ह करायचं आणि काकूंनी लायब्रऱ्या पालथ्या घालायच्या. त्या काळच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बायका म्हणजे नुसते आकडे. एझ्राच्या मुला-नातवंडांची साखळी जोडत आम्ही अखेर तासाभरावरच्या एका सफरचंदांच्या बागेत पोचलो. मालक व्हीलॉकच होता. सगळं ऐकून म्हणाला, ‘तुम्ही इंडियन. तुम्हाला हिचं काय पडलंय?’

‘बिकॉज यू डोन्ट केअर!’ काकू कडाडल्या.

त्याचा चेहरा लालबुंद झाला. आता हाकलतोय, असं मला वाटलं. तेवढ्यात ओसरीवरून हसू आलं. तिथे त्याची नव्वदीची आत्या बसली होती.

‘फीबी. फीबी टॅनर,’ ती म्हणाली. ‘माझ्या आजोबांची आजी. महा हट्टी! नवरा गाय विकायला निघाला, तर हिनं ती रानात नेऊन लपवली. त्या हिवाळ्यात पोरं त्या दुधावर जगली, असं आजी सांगायची.’

‘टॅनर. म्हणजे माहेरची टॅनर,’ काकू मला मराठीतच म्हणाल्या आणि त्या म्हातारीचा हात धरून बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेवढं एकदाच पाहिलं.

संमती आत्यानं दिली. मे महिन्यात नवा दगड बसला. भाच्यानं मुकाट्यानं खड्डा खणला. अध्यक्ष हसून काकूंना म्हणाले, ‘झालं ना समाधान?’

‘समाधान? मागच्या रांगेत आणखी दोन पत्नी आहेत!’

पुढच्या वर्षी काकू गेल्या. तोवर त्यांतल्या एकीचं नाव लागलं होतं. दुसरीचं मी शोधते आहे. परवा समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘आता पुरे झालं.’

मी खुर्ची पुढे ओढली आणि बसले.