कोनाड्यातला सहावा कप

चकलांब्याची चतुराबाई केरसुण्या विकायची आणि तिला जपानी कप ओळखता यायचे. गावोगावच्या ओसरीवर तिला चहा मिळायचा तो बाहेरच्या कपात. आपण प्यायचा, आपणच धुवायचा, कोनाड्यात पालथा घालायचा. घरातलं कुणी त्याला शिवायचं न्हाई.

त्यातल्याच एका गावच्या विठ्ठलरावांच्या आज्यानं हैदराबादेहून असे सहा कप आणलेले. ह्यात हाडाची भुकटी असते, असं आजीच्या कानावर आलं. झालं! सहाही कप चुलीपासून हद्दपार. पुढं आज्याच्या सहा पोरांच्या वाटण्या झाल्या. पितळी हंड्यांवरून डोकी फुटली. कप मात्र एकेक करून गुमान सहा कोनाड्यांत गेले. घरचे ॲल्युमिनच्या, म्हंजे जर्मनच्या पेल्यात चहा प्यायचे, अन् चतुराबाई जपानीत.

दहा गावचे कप तोंडाला लावून तिला पारख आली. नखानं टिचकी मारली की अस्सल कप बराच वेळ घुमतो. उन्हात धरला की पलीकडचं बोट दिसतं. बुडाला तांबडी अक्षरं, कोंबडी कुंकवात पाय बुडवून चालल्यागत. गेवराईचा भांडेवाला म्हणला, "मावशे, जपानचं हाय हे." ह्या सहांची खूण आणखी वेगळी. रिकामा कप उजेडाकडं धरला की तळात अंबाडा घातलेली एक बाई दिसायची.

स्टील आलं तसं पाच चुलत्यांच्या घरांनी केरसुणीच्या बदल्यात कप चतुराबाईला देऊन टाकले. सहावा विठ्ठलरावांच्या कोनाड्यात राहिला. पाच बाया तिच्या घरी फळीवर बसलेल्या, सहावीची जागा मोकळी. चतुराबाईला घास गोड लागेना.

अशात दुष्काळ पडला. विठ्ठलराव दूध सोसायटीचे चेअरमन; जनावरं सोसायटीच्या छावणीत अन् निवडणूक तोंडावर. एका म्हशीच्या जिवावर चतुराबाईही सभासद. विठ्ठलरावांनी सगळ्या सभासदांना चहाला बोलावलं.

"चतुराबाई, वर बसा. आता भेदभाव न्हाई आपल्याकडं."

"लई बरं झालं मालक. माझा कप कुठाय?"

"स्टीलचा घ्या की!"

"चाळीस वर्सांची सवय हाय."

तिनं स्वतःच उठून कोनाड्यातला कप घेतला अन् उन्हात धरला. विठ्ठलराव वाकले.

"आयला! बाई हाय की आत!"

"केरसुणी घ्या अन् हिला माझ्याकडं धाडा."

"छ्या! आमच्या आज्याचा ऐवज हा. काचंच्या कपाटात ठेवतो."

कप चतुराबाईच्या हातनं चालला. पण तोंड शाबूत होतं. तिनं किटलीतला चहा कपात ओतला अन् पुढं केला.

"ठेवा की. पर भेद न्हाई म्हणता, तर ह्यातनं घोटभर पिऊन दाखवा."

सगळे सभासद पुढं सरकले. विठ्ठलरावांनी कप उचलला. दाराआड त्यांची बायको विमलबाई खाकरली.

"गरम हाय," ते म्हणले.

"थांबते की."

फुंकर घालून झाली. मिशा पुसून झाल्या. चहावर साय धरली.

"आज सोमवार हाय माझा."

"मागच्या सोमवारी दोन कप ढोसलेत, म्या इथंच हुते."

सभासद फिदीफिदी हसायला लागले. विठ्ठलरावांनी कप खाली ठेवला.

"न्या बाई, न्या तुमची जपानीण."

चतुराबाईनं तो थंडगार चहा सायीसकट घशाखाली घातला, कप धुतला अन् पालथा न घालता पदरात बांधला. कोनाडा मोकळा दिसू नये म्हणून तिथं एक नवी केरसुणी उभी केली अन् जाता जाता म्हणली, "हिला तरी शिवत जावा."